यशवंतकाकांचा गाळ

यशवंतकाका गेले हे मला आमच्या इंटर्नशिपच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. ‘आपले लाडके हेल्पर आता आपल्यात नाहीत,’ एवढंच आमच्या सरांनी लिहिलं होतं. आडनावसुद्धा नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी तिथेच विचारलं, सर्टिफिकेटं कधी मिळणार? मी दादरच्या घरी ओट्याशी उभी होते. हातातलं पातेलं आपटलं. त्याला दीड महिना झाला. राग अजून उतरलेला नाही... आणि तो सगळा दुसऱ्यांवरचा नाही, म्हणून लिहायला बसले.

एम.एस्सी.च्या सुट्टीत मी नदी-संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत दोन महिने इंटर्न होते. अँटॉप हिलच्या मागून नदीकडे जाणारा एक नाला आमच्याकडे होता. त्याची खोली मोजायची, काठावरच्या वस्तीशी बोलायचं, फॉर्म भरायचे. काका परळच्या चाळीतले. उभा जन्म नालेसफाईत गेलेला, निवृत्तीनंतर संस्थेने ‘मदतीला’ घेतलेले. मदत म्हणजे काय, तर पाण्यात उतरायचं त्यांनी आणि काठावर निळी जाकिटं घालून लिहायचं आम्ही. असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी उतरायचं हे आम्हाला न सांगता ठाऊक होतं, आणि त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही.

पहिल्या दिवशी संस्थेची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची काठी आम्ही पुलावरून सोडली. ती गेली खोल. आम्ही खुशीत लिहिलं, पाणी छातीभर. काका खाली उभे होते आणि पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. हे कुणालाच दिसलं नाही, कारण आम्ही काठीवरचे आकडे वाचत होतो. ते वर बघून म्हणाले, “ताई, तुमची काठी गाळाला पाणी समजते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून बांबू आणला. एका टोकाला डब्याचं पत्र्याचं झाकण ठोकलेलं, दुसरं टोक तसंच. झाकणाचं टोक सोडलं की बांबू गाळावर टेकतो, तिथपर्यंत पाणी. उलटं करून दाबलं की गाळातून तळाला जातो. दोन्हींतला फरक म्हणजे गाळ. “एवढ्यासाठी कॉलेजात जायला लागत नाय,” म्हणाले आणि माझं तोंड बघून हसले. मी फॉर्मवर पट्टीने एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं, गाळ. महिनाभर काका उतरून आकडा सांगायचे आणि मी लिहायचे. प्रत्येक वेळी ते वाकून बघायचे, बरोबर उतरलाय ना.

शेवटच्या आठवड्यात सरांनी ते फॉर्म चाळले. “छान केलंयस गं, पण देणगीदारांना दोन आकडे कळत नाहीत. काठीची खोली ठेव, गाळ काढून टाक.”

“सर, मग नाला खोल दिसेल.”

“दिसू दे की.”

गाळ काढायचा तो नाल्यातून, सर फॉर्मवरूनच काढून मोकळे. मी हे बोलले नाही. मला शिफारसपत्र हवं होतं. एसीत बसून सगळे फॉर्म नव्याने उतरवले, गाळाचा रकाना आखलाच नाही, खाली सही केली. काकांनी विचारलं, “सरांनी बघितला काय गाळ?” मी म्हटलं, बघितला. ते खूश झाले. पुढे छापील अहवालात नाला ‘पुरेसा खोल’ ठरला आणि त्यावरून यंदा तिथे सफाई नको, असं पालिकेने ठरवलं. पाणी आता ज्यांच्या घरात शिरेल, त्यांच्या दारात मी महिनाभर चहा प्यायलेय.

काका छातीत दुखून गेले. पंधरा दिवसांनी मी परळला त्यांच्या खोलीवर गेले. दाराबाहेर पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. काका पाय धुतल्याशिवाय आत यायचे नाहीत, म्हणून काकू चाळीस वर्षं संध्याकाळी ती भरतात... अजूनही भरतात. त्यांनी चहा टाकला. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, “हे घरी येऊन सांगायचे, आयुष्यभर गाळ काढला, पण लिहून कुणी घेतला नव्हता. त्या पोरीने घेतला. आला काय गं तुमच्या पुस्तकात?”

मी हो म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बघा.”

शेजारणी त्यांना रविवारची पुरवणी वाचून दाखवतात, म्हणून हे इथे लिहिते आहे. काकू, नाही आला. मी तुमच्यासमोर खोटं बोलले. काकांचे आकडे बरोबर होते. ते मी गाळले, आणि त्या फॉर्मवर खाली सही माझी आहे.