हन्नाबाई आणि हमरापूरची औषधपेटी

हन्नाबाईंची सगळी नोकरी रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत गेली. तिथल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. मशीनमध्ये चेमटलेली बोटं, ॲसिडने भाजलेले हात, शिफ्ट संपता संपता चक्कर येऊन पडलेली माणसं, सगळी आधी त्यांच्याकडे यायची. त्र्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. नवरा सॅम्युएल आधीच वारला होता, मुलगी शीरा लग्न होऊन इस्रायलला गेली होती, आणि कोकणातल्या बऱ्याच ज्यू कुटुंबांप्रमाणे त्यांच्या नात्यातली बहुतेक मंडळीही तिकडेच होती. इथे उरली होती पेणची नणंद, डेबोरा. रिकाम्या घरात मन लागेना, की त्या एसटी पकडून तिच्याकडे जात.

डेबोराची मैत्रीण गिरजाबाई हमरापूरला राहायची. तिचा गणपतीचा कारखाना होता. धाकटा दीर सखा आणि ती, दोघं मिळून तो चालवत. एकदा दोघी नणंद-भावजया तिच्याकडे गेल्या असताना गिरजाबाईचं बोट पत्र्याला कापलं. तिने भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी काढली. आत चिकटपट्टीची वाळकी गुंडाळी, पिवळा पडलेला कापूस आणि दोन ब्रश निघाले.

"ही पट्टी चिकटणार कशाला?" हन्नाबाई म्हणाल्या. स्वतःच्या रुमालाने त्यांनी बोट बांधलं आणि त्याच दुपारी पेणच्या औषधाच्या दुकानातून नवं सामान आणून पेटी भरली.

तिथून हे काम त्यांनी अंगावर घेतलं. दर दोन-तीन महिन्यांनी त्या हमरापूरला यायच्या. ओटीवर बसून पेटी मांडीवर घ्यायच्या. चिकटपट्टीचा तुकडा मनगटावर लावून ओढून बघायच्या, मलमाची ट्यूब दाबून बघायच्या, चष्मा कपाळावर सरकवून बाटलीवरची तारीख वाचायच्या. तारीख गेलेलं बाजूला.

"टाकतेस कशाला गो?" गिरजाबाईचा जीव तुटायचा. "अर्धी बाटली भरलेली हाय."

"भरलेली आहे, पण उपयोगाची नाही."

जुना कापूस गिरजाबाई ब्रश पुसायला ठेवून घ्यायची. जाळीच्या पट्टीतून रंग फार छान गाळला जातो, असं तिचं म्हणणं. हन्नाबाई हसायच्या आणि घे म्हणायच्या. शेजारच्या कारखान्यांतल्या बायकाही मग आपापल्या पेट्या घेऊन ओटीवर येऊ लागल्या. चहा व्हायचा, सुनांच्या गोष्टी निघायच्या, आणि हन्नाबाईंना दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं.

पुढच्या एका वर्षी गणपतीला थोडेच दिवस उरले असताना डेबोराने रोह्याला फोन केला. सखाचा डोळा सुजला होता. हन्नाबाई मिळेल त्या गाडीने निघाल्या.

सखा खाटेवर पडला होता. डोळा लालभडक, पापणी उघडत नव्हती. मूर्ती घासताना प्लॅस्टरची भुकटी डोळ्यात गेली होती.

"नुसत्या भुकटीने इतकं होत नाही. डोळ्यात काय घातलं?" हन्नाबाईंनी विचारलं.

गिरजाबाईने आत जाऊन एक छोटी बाटली आणून दिली. मागच्या खेपेला हन्नाबाईंनी बाजूला काढलेलेच डोळ्याचे थेंब होते ते.

"तू टाकलेलंस, मी उचलून ठेवलं," ती म्हणाली. "फुकट जाईल म्हटलं. मीच घातलं त्याच्या डोळ्यात." आणि ती दारातच बसून रडायला लागली. कारण सखा म्हणजे त्या कारखान्याचे डोळे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी एकटा तोच करायचा. सगळ्या मूर्ती रंगवून तयार होत्या, आणि एकीलाही डोळे नव्हते.

हन्नाबाईंनी तिला शब्दानेही बोल लावला नाही. "बाटली ओतून टाकायची होती, ती मी नुसती बाजूला ठेवली," एवढंच म्हणाल्या. रिक्षा बोलावून त्यांनी सखाला पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, पण थेंब वेळच्या वेळी पडायला हवेत आणि डोळ्याला काम अजिबात नको. हन्नाबाई पिशवीसकट हमरापूरलाच राहिल्या.

"आखणी वहिनी करील," सखा खाटेवरून म्हणाला.

"मी? मी पितांबर रंगवणारी बाई. माझा हात कापंल."

"कापू दे. आधी पाटीवर काढ."

गिरजाबाईने दिवसभर पाटीवर डोळे काढले, पुसले, पुन्हा काढले. सखा बऱ्या डोळ्याने बघून सांगायचा, "बुबुळ वर गेलं. श्वास सोडून झाला की मग ब्रश टेकव." दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या मूर्तीला हात लावला.

कामाची घाई बघून हन्नाबाई म्हणाल्या, "गिरजा, मूर्तीला रंग लावायला मी बसणार नाही. आमच्या धर्मात ते नाही. राग मानू नकोस."

"राग कसला? तुझा देव तुला, माझा मला. तू ह्याचा डोळा सांभाळ, मी गणपतींचे सांभाळते."

शुक्रवारी सांजेला हन्नाबाई जरा अस्वस्थ झाल्या. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ; त्याचा दिवा त्यांनी आजवर स्वतःच्या घराखेरीज कुठे लावला नव्हता. काही न विचारता गिरजाबाईने समई घासून, तेलवात करून त्यांच्यापुढे ठेवली. "तुझ्या पद्धतीने लाव," म्हणाली आणि कारखान्यात निघून गेली. हन्नाबाईंनी दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. शनिवारी त्यांनी दुसरं काही केलं नाही, थेंब मात्र चुकवले नाहीत. आजाऱ्याची सेवा शब्बाथलाही चालते, असं त्यांनी सखाला सांगितलं.

मूर्ती वेळेवर गेल्या. दोन-तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, यंदा गणपती जरा हसल्यासारखे का दिसतात. सखाचा डोळा पुरता बरा झाला. आखणी मात्र पुढे दोघांनी वाटून घेतली, कारण गिरजाबाई ब्रश सोडायला तयार नव्हती.

त्यानंतर एका हिवाळ्यात शीराने आईला कायमचं तिकडे बोलावलं. हन्नाबाई गेल्या, लेकीजवळ राहिल्या, नातवंडांना खेळवलं आणि उन्हाळ्याआधी परत आल्या. डेबोराने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शीरा सुखात आहे, मी बघून आले. पण तिथे सकाळी उठून जायचं कुठे, तेच मला कळेना."

त्या आठवड्यातच त्या हमरापूरला गेल्या.