आबांनी निवडलेलं सुती कापड

आमच्या घरात सुती म्हणजे चादरी आणि आईची जुनी पातळं, एवढंच. बाकी सगळ्यांच्या अंगावर पॉलिस्टर. सुरतेत कापडाचे तुकडे किलोवर मिळत. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे पॉलिस्टरच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते; वर्षातून एकदा ते हे तुकडे घेऊन येत आणि त्यातून आम्हा भावंडांचे कपडे शिवले जात. शर्ट झिजायचा नाही, फाटायचा नाही. मे महिन्यात तो पाठीला असा चिकटायचा की संध्याकाळी सोलून काढावा लागायचा. पण उन्हाळ्यासाठी वेगळे कपडे असतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मी दहावीपर्यंत आजोळी, खानदेशातल्या तालुक्याच्या गावी शिकलो. मग सुरतेत डिंडोलीला आईवडिलांकडे येऊन बी.एस्सी. केलं. घरातला पहिला पदवीधर. निकालानंतर पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहा वाजता. आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "तुला सुती पॅन्ट-शर्ट शिवायचा."

"कशाला आबा? आहेत की कपडे."

"मी बारा वर्षं बघतोय. आमचे शेठ पॉलिस्टर विकतात, पण उन्हाळ्यात स्वतः सुती घालतात. मोठ्या माणसांसमोर घामाघूम होऊन बसायचं नाही."

सुट्टीच्या दिवशी शटल रिक्षाने आम्ही चौटा बाजारात गेलो. दुकानदाराने आधी तयार कपडे दाखवले, बाहेर लोंबणारे फुलाफुलांचे बुशशर्ट, कॉलरचे टी-शर्ट. माझी नजर तिथे रेंगाळली.

"ते फिरायला घालायचे," आबा म्हणाले. "कापड दाखवा."

तागे उलगडले गेले. आबा रंगाकडे बघेनात. कापडाची कड दोन बोटांत धरायचे, उजेडाकडे न्यायचे, नखाने धागा सरकवून बघायचे. दुकानदार हसायला लागला. "काका, घराक कलर जुए, तमे तार जुओ छो. लूमवाळा छो ने?" गिऱ्हाईक रंग बघतं आणि तुम्ही धागा, असं त्याचं म्हणणं.

आबांची छाती फुगली. "बारा वर्षं झाली."

"तो पछी तमने शुं शिखवाडवुं!" तुम्हाला आम्ही काय शिकवणार, असं म्हणत त्याने राखाडी पॅन्टपीस आणि निळ्या बारीक रेघांचं शर्टाचं कापड बांधून दिलं. इतर गिऱ्हाइकांना तो जे एक वाक्य नक्की सांगत असणार, ते त्याने आम्हाला सांगितलं नाही.

आमच्या गल्लीतला शिंपी आईच्या माहेरचा, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. मापं घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "दाजी, कापड पाण्यातून काढलंय ना?"

या प्रश्नाचा अर्थ आबांना कळला नव्हता, हे मला पुढे समजलं. त्या वेळी ते ताठ मानेने म्हणाले, "आता तू मला कापड शिकवशील?"

"नाही बुवा, माझी काय टाप!" मामा म्हणाले आणि कात्री चालवली.

कपडे शनिवारी मिळाले. घालून बघितले, अगदी मापात. आबा माझ्याभोवती एक फेरी मारून आले आणि कामावर गेले.

रविवारी सकाळी आईने ते कपडे धुतले. नव्या कापडाला खळीचा वास येतो, साहेबांसमोर तसं कसं जायचं, हा तिचा साधा विचार. ऊन इतकं कडक होतं की तासाभरात वाळले. पाळीवरून आलेल्या आबांनी मला पॅन्ट घालायला लावली. ती घोट्याच्या वर तीन बोटं राहिली. शर्टाच्या बाह्या मनगट सोडून मागे सरकल्या होत्या.

"हाई काय झायं?" आबा ओरडले. "तुले कोनी सांगं धोवाले?"

"नवं कापड शे, धोयं तर काय बिघडनं?" आई रडवेली झाली. अहिराणीतलं भांडण आमच्या घरात नेहमी लवकर संपायचं. त्या दिवशी ते सुरूच झालं नाही, कारण आबा मटकन खाली बसले. उद्याची मुलाखत आपल्यामुळे गेली, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी आम्ही मामांकडे गेलो. दारातच आबा म्हणाले, "सुती शिवायच्या आधी भिजवायचं असतं, हे मला माहीत नव्हतं रे. आमचा माल कधी आटत नाही."

मामांनी टोमणा मारला नाही. पॅन्टची खालची दुमड उसवली, तर आत चांगलं दोन इंच कापड निघालं. "तुम्ही रागावलात तेव्हाच मी जास्त सोडलं होतं, दाजी. शर्टाच्या बाह्या कापून अर्ध्या करतो. उन्हाळाच आहे."

मशीन चालू असताना आबांनी विचारलं, "पण आटतं कशामुळे?"

मामांनी माझ्याकडे मान वळवली. "बी.एस्सी.ला विचारा."

मला उत्तर येत होतं. पुस्तकात वाचलेलंच होतं, ते कधी अंगावरच्या कपड्याशी जोडलं नव्हतं. मी सांगितलं की विणताना आणि मिलमध्ये सुती धागा ताणलेला राहतो. पाणी पिऊन तो फुगतो, ताण सुटतो आणि कापड आखूड होतं.

"ताण तर आम्हीच देतो," आबा हळूच म्हणाले. मी काही शिकवतोय आणि ते ऐकताहेत, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मला संकोच वाटला आणि खूप बरंही वाटलं.

सोमवारी मी मुलाखतीला गेलो. इस्त्री करूनही पॅन्टवर जुन्या दुमडीची रेघ राहिली होती. साहेबांनी ती बघितली. "नवी पॅन्ट? आटली का?" मग म्हणाले, "का आटते, सांगा बघू."

घरी आलो तेव्हा रात्रपाळीचे आबा झोपायला हवे होते, पण ते गल्लीच्या तोंडाशी उभे होते.

"ती रेघ दिसली का त्यांना?"

"दिसली, आबा. त्यावरच विचारलं. एक तारखेपासून या म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस?"

"काल तुम्हाला सांगितलं तेच."

आबांनी सदऱ्याने डोळ्यांवरचा घाम पुसला, निदान मी तरी तो घामच समजलो, आणि म्हणाले, "चल, तुझ्या मामाला आधी सांगू."