समुद्राकाठी काही न करण्याचा बेत

“पाच मिनिटं बसू दे वं मले,” असं म्हणत ताई स्टाफरूममध्ये यायच्या, खुर्चीच्या कडेवर टेकायच्या आणि दोन मिनिटं व्हायच्या आत उठायच्या. कुणाची तरी हजेरी भरायची राहिलेली असायची, एखाद्या मुलीच्या पोटात दुखत असायचं, नाही तर घरून फोन यायचा. अकरा वर्षांत मी त्यांना खुर्चीला पाठ टेकवून बसलेलं पाहिलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती आपल्या आजूबाजूलाच असतात, आपल्यालाही सांभाळून घेतात, आणि ती दमत असतील हे काही आपल्या मनात येत नाही.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो. त्या भूगोल, मी मराठी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. सगळी शाळा त्यांना ताईच म्हणायची, हेडमास्तरसुद्धा. वडील लवकर गेले म्हणून दोन्ही भावांना त्यांनीच शिकवलं, त्यांची लग्नं लावली. भाऊ भोपाळ-इंदूरकडे गेले आणि आई ताईंजवळ राहिली, तीही अंथरुणावर. चौदा वर्षं. मधल्या सुट्टीत ताई घरी जाऊन आईची कूस बदलून यायच्या आणि पाचव्या तासाला वर्गात उभ्या असायच्या. कधी उशीर झाला नाही. आई गेली तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षांनी ताईंनी लग्न केलं.

त्याचं असं झालं. बोर्डाच्या पेपर तपासणीसाठी त्यांची ड्यूटी सौंसरला लागली होती. तिथे चष्म्याची काडी तुटली. बाजारात एक जुनं चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार पंचावन्नच्या आसपासचे, विधुर. एकच मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. त्यांनी काडी बसवली, पण म्हणाले, “नंबर बदलला वाटते मॅडम तुमचा. बसा, तपासून देतो.” ताई म्हणाल्या, वेळ नाही. ते म्हणाले, “डोळे आहेत ते. आरामात पाहू.” त्यांनी ताईंना खुर्चीत बसवलं, पाठ टेकवायला लावली आणि फळ्यावरची अक्षरं एकेक करून वाचून घेतली.

“मी वाचूनच राहिली वं,” ताई मला नंतर सांगत होत्या. “शेवटची ओळ झाली तरी उठावं वाटेना.”

चष्मा आणायला त्या पुन्हा गेल्या. मग काही कारण नसताना गेल्या. वर्षभरानं दोघांनी छिंदवाड्याला रजिस्टर लग्न केलं आणि जामसांवळीला मारुतीचं दर्शन घेऊन तिथेच चार माणसांना जेवण दिलं. चार म्हणजे खरंच चार. दुकानदारांची, म्हणजे आता आमच्या भावजींची, मुलगी, जावई, मी आणि माझे मिस्टर. ताईंच्या भावांपैकी कुणी आलं नाही. धाकट्यानं फोनवर विचारलं, “या वयात कायले ताई?” ताई म्हणाल्या, “या वयातच सुचलं रे बाबा.” आणि फोन ठेवून आमच्या पानात वरण वाढायला लागल्या. भावजींनी हातातली वाटी काढून घेतली. “आज तुम्ही बसा,” म्हणाले.

सौंसरला दुकानाच्या मागेच घर होतं. ताई तिथून रोज बसनं शाळेत यायला लागल्या.

परदेशी जायची कल्पना भावजींची. ते म्हणाले, हनिमूनला लोक बाहेर जातात, आपणही जाऊ. ताई आधी लाजल्या, मग हसल्या, आणि मग मात्र पेपर काढावा तशा गंभीरपणे कामाला लागल्या. पासपोर्टच्या चकरा झाल्या. पडताळणीला आलेल्या पोलिसानं विचारलं, “विदेश किस काम से जा रहे हो मॅडम?” ताई म्हणाल्या, “काम से नहीं जा रही.” त्याला ते पटेना. कागदावर काहीतरी लिहावं तर लागेल ना, म्हणाला.

नागपूरच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे मीही त्यांच्यासोबत गेले होते. तो तरतरीत माणूस. त्यानं आधी मॉरिशस सुचवलं. “तिकडं आपली मराठी माणसं पण आहेत मॅडम, घरच्यासारखं वाटंल.”

“मंग नाई पायजे,” ताई म्हणाल्या. “पांढुर्ण्याचं कोणी ना कोणी निघन तिथं.”

मग त्यानं श्रीलंकेचा कागद पुढे केला. सहा दिवस, अकरा ठिकाणं. ताईंनी पर्समधून लाल पेन काढला. देवळं, बाग, चहाचा मळा, हत्ती, रत्नांचं दुकान, एकेकावर रेघ मारत गेल्या. वही तपासताना मारायच्या तशीच सरळ रेघ. शेवटी त्या कागदावर उरलं ते समुद्राकाठचं एक आठ खोल्यांचं हॉटेल, सकाळचा नाश्ता आणि विमानतळावरून ने-आण.

ट्रॅव्हलवाला घाबरला. “मॅडम, मग तिथं दिवसभर करणार काय?”

“काई नाई.”

“काहीच नाही?”

“तेच तर करायचं आहे,” ताई म्हणाल्या. भावजी शेजारी बसून चष्मा पुसत होते. ते मान खाली घालून हसत होते.

नाताळच्या सुट्टीतली तिकिटं काढली. त्या सुट्टीपर्यंतचे ते महिने मी विसरले नाही. हॉटेलच्या व्हरांड्याचा फोटो ताईंच्या फोनमध्ये होता, दोन वेताच्या खुर्च्या आणि पुढे पाणी. मधल्या सुट्टीत त्या फोटो उघडायच्या, बोटांनी मोठा करायच्या आणि म्हणायच्या, “ही डावी माही. वारा इकडून येते.” वाऱ्याची दिशा त्यांनी ॲटलास पाहून ठरवली होती. भूगोलाच्या बाईच त्या! सकाळी कुणी उठवणार नाही, कुणी हाक मारणार नाही, चहा दुसरं कोणी आणून देईल, हे त्या असं सांगायच्या की आम्हा सगळ्या बायकांना हसू यायचं आणि हसता हसता आम्ही गप्प व्हायचो.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भावजींना लकवा मारला. दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवून पाहताना हात खाली पडला. नागपूरला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळू लागलं. तीन आठवड्यांनी ताई त्यांना घरी घेऊन आल्या.

मी भेटायला गेले तेव्हा ताई त्यांची कूस बदलत होत्या. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि एका दमात. चौदा वर्षं केलेलं काम हात विसरत नाहीत.

ताईंनी तिकिटं रद्द करायचं म्हटलं की भावजी डोकं हलवायचे. नाही, नाही. डावा हात उचलून दाराकडे दाखवायचे आणि मोठ्या कष्टानं म्हणायचे, “तू... जा.” नाशिकची मुलगी सुट्टी टाकून आली. शहाणी मुलगी. तिनं स्वच्छ सांगितलं, “मावशी, आठ दिवस मी आहे. बाबांची तीच इच्छा आहे. तुम्ही एकट्या जाऊन या.”

म्हणजे वाट मोकळी होती. सांभाळणारं माणूस होतं, नवऱ्याचा होकार होता. आणि तरीही ताईंचा पाय उचलत नव्हता. एका रविवारी दुपारी त्या पांढुर्ण्याला माझ्या घरी आल्या. मी तूर निवडत होते. त्या समोर बसल्या आणि माझ्या सुपातले खडे काढायला लागल्या.

“तू सांग मले,” त्या म्हणाल्या. “मी जाऊ का?”

मी तूर निवडत राहिले.

“डॉक्टर म्हणते आता धोका नाई. हे रोज म्हणून राहिले, जा. पोरगीही म्हणते. माह्यं मन... खरं सांगू का, माह्यं मन जाऊन राहिलं वं. मले लाज वाटते, पण जाऊन राहिलं.”

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणाले, “ताई, तुमचं सगळं खरं आहे. पण नवरा अंथरुणावर अन् बाई हनिमूनला एकटी गेली, असं म्हणतीन लोकं. शाळेत म्हणतीन, सौंसरात म्हणतीन. तुमचे भाऊ तर वाटच पाहून राहिले बोलायची. झेपन का तुम्हाले?”

मी ते काळजीनं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. आता तसं सांगवत नाही. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तुला कुठं जावंसं वाटतं असं मला कुणी विचारलेलं नव्हतं. ताईंना घरातली दोन माणसं हात धरून जा म्हणत होती. माझ्या पोटात कुठे तरी ते दुखलं असावं. ताई तिघांना विचारून चौथी म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. एकीनं जरी अजून जा म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या.

ताईंनी सुपातला हात काढला. “हो,” म्हणाल्या. “म्हणतीन खरे लोकं.” मग उठल्या, चहा नको म्हणाल्या आणि चारच्या बसनं परत गेल्या. दुसऱ्या दिवशी तिकिटं रद्द झाली.

संक्रांतीचं वाण द्यायला मी सौंसरला गेले. दुकानाचं शटर पाडलेलं होतं. आत भावजी उशांना टेकून बसले होते. ताई आत चहा टाकायला गेल्या आणि आम्ही दोघंच समोरासमोर राहिलो. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत होते. त्यांची नजर नेहमीच नंबर तपासणाऱ्या माणसाची, समोरच्याचं कुठे अंधूक होतं ते शोधणारी. मग तोंड वाकडं करत, एकेक शब्द ओढत ते म्हणाले, “तुम्ही... नको म्हटलं का... तिले?”

मी वाणाची पिशवी उगाच नीट करायला लागले.

ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. “ती कायले नको म्हणन?” त्या म्हणाल्या. “ती तं जाच म्हणे. मीच नाई गेली. मले तुमच्याबिना करमलं नसतं तिथं.”

भावजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना ते पटलं नव्हतं. ताईंनी माझ्या हातात कप दिला आणि तिळगूळ घ्यायला लावला. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

पोळ्याच्या आठवड्यात भावजी गेले. झोपेतच. तेरवीला बरीच माणसं जमली, ताईंचे दोन्ही भाऊसुद्धा आले. जो तो ताईंचं कौतुक करत होता. काय सेवा केली बाईनं, अशी बायको मिळायला नशीब लागतं. मोठा भाऊ चार लोकांत म्हणाला, “आमची ताई लहानपणापासून अशीच. तिले स्वतःचं काही सुचतच नाही.” ताई पत्रावळी मोजून देत होत्या. त्या क्षणभर थांबल्या, भावाकडे पाहिलं आणि पुन्हा मोजायला लागल्या. बहुतेक आकडा चुकला होता, कारण त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी नोकरी सोडायचा अर्ज दिला. नाशिकच्या मुलीला दिवस गेले होते आणि डॉक्टरनं तिला पडून राहायला सांगितलं होतं. “तिले पाहाले कोण आहे?” ताई म्हणाल्या. मुलगी नको नको म्हणत होती, बाई लावते म्हणत होती. पण ताईंना सौंसरच्या रिकाम्या घरात राहवत नव्हतं, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

निघायच्या दिवशी मी सौंसरला गेले. जावई सामान घेऊन आधीच बसस्टँडवर गेला होता. घर मोकळं झालं होतं. दुकानातली काचेची कपाटं मोहगावच्या कुणीतरी नेली होती आणि भिंतीवर त्यांच्या जागी पांढुरके चौकोन उरले होते. आम्ही दोघी त्या रिकाम्या दुकानात उभ्या होतो. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणं होणार नाही.

“ताई,” मी म्हणाले, “त्या रविवारी मी तुम्हाला...”

“असू दे.”

“नाही, मला बोलू द्या. मी चुकले.”

ताई थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. फार लांबचं काहीतरी आठवत असल्यासारख्या दिसत होत्या.

“तू खोटं नाई बोलली,” त्या म्हणाल्या. “लोकायनं म्हटलंच असतं.” मग पदर नीट केला आणि हळूच म्हणाल्या, “पण म्हणू द्यायले पायजे होतं वं. तेवढं मले सुचलं नाई. म्हणू द्यायले पायजे होतं.”

मला रडू फुटलं. माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत मोठा वाटत होता. ताई जवळ आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. उगी, उगी. जायचं त्यांना होतं, माणूस त्यांचं गेलं होतं, आणि समजूत माझी काढली जात होती. ते मला कळत होतं, तरी मी त्यांचा हात बाजूला केला नाही.

बसची वेळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “तू नको येऊ स्टँडवर. इथूनच जा घरी.” पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरून चालू लागल्या. मी दुकानाच्या दारात उभी राहिले. संत्र्याचे दिवस होते. बोरगावकडून ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून येत होत्या, मागे आणखी एक. ताई रस्त्याच्या पलीकडे गेल्या आणि ट्रॉल्या आमच्या मधून हळूहळू जाऊ लागल्या. मी त्या संपायची वाट पाहत होते.

तिसरी गेली तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.