होकाराची मान

मान हलवायला अक्कल लागत नाही. क्वांटम संगणकावर दिवाळी अंकासाठी एका शास्त्रज्ञांची मुलाखत घ्यायला गेलो आणि तासभर नंदीबैलासारखा डोलत बसलो. समोरच्या चहावर साय धरली, डोक्यात काही शिरलं नाही. निघताना वहीत नसलेला प्रश्न विचारला, "सर, याने नवी औषधं सापडतील?"

"सापडतील की! पण पंधरा-वीस वर्षं धरा."

मी त्यालाही मान हलवली.

घरी बायको उशीला टेकून वाट पाहत होती. तिच्या आजारावर अजून औषध नाही.

"काय म्हणाले तुमचे शास्त्रज्ञ?"

"औषध सापडेल म्हणाले."

"कधी, ते विचारलंत?"

"विसरलो बघ. वेंधळाच मी."

तिनेही मान हलवली, अगदी माझ्यासारखी. फक्त तिला सगळं कळलं होतं.