परक्या रोडग्यांची राखण

लेकरांना घेऊन उघड्यावर मुक्काम करण्यात मोठी मजा असते, असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या उमरखेडकडच्या देवीच्या जत्रेत दोन दिवस राहून दाखवावं. मी राहिलेय, म्हणून बोलते. एका कानाशी आकाशपाळण्याचा भोंगा, दुसऱ्या कानाशी भजनाचा, आणि मधून हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा एक माणूस, ज्याचा घसा काही केल्या बसत नव्हता. पालाला पाल खेटलेलं. शेजारच्या बाईनं कूस बदलली तरी आमची ताडपत्री हलायची. माझा मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीनची. एकाला शू लागली की दुसरीला तहान लागणार, आणि दोन्ही कामांसाठी दोन दिशांना चालावं लागणार!

मी यवतमाळची, नोकरदार घरातली. सासरची शेती फुलसावंगीकडे, ती दीर आणि जाऊबाई करायचे. खरं सांगते, मला यायचंच नव्हतं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मग मी एकटीनं काय घोडं मारलं होतं? पण जाऊबाईंचा फोन आला, "यंदा तुले याच लागते. नवस फेडाचा हाय." त्या नवसाला मला नाही म्हणता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा, तेव्हा दोन वर्षांचा, तापानं फणफणला होता. यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून बाई देवीला बोलल्या होत्या, पोरगं घरी येऊ दे, जत्रेत अकरा लेकरं रोडग्यानं जेवू घालीन. पोरगं घरी आलं. पण आमच्याकडे नवसाचे रोडगे घरच्या वावरातल्या गव्हाचे लागतात, विकतचा गहू चालत नाही. लागोपाठ दोन वर्षं विहिरीनं तळ दाखवला, गहू पेरलाच नाही. होती नव्हती ती कपाशी बोंडअळीनं खाल्ली. तिसऱ्या वर्षी बाईंनी विहिरीजवळ चार वाफे गहू केला आणि बादलीनं पाणी घालून वाढवला. दळलेलं पीठ धुतल्या फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या होत्या.

आणि काय ती बाई! आम्ही पोचलो तेव्हा मी पिशवी कुठं ठेवू म्हणून गोंधळले होते. त्यांनी अर्ध्या तासात ट्रॉलीला ताडपत्री बांधली, साडीचा झोका टांगला, तीन दगडांची चूल मांडली. सरपण म्हणून घरून वाळक्या पऱ्हाटीचा भारा आणला होता. "कापूस नाही देल्ला, जाळ त देईन," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मी भोंग्यावर चिडले तेव्हा मलाच दटावलं, "कायले चिडतं वं? गर्दी हाय म्हणून त जत्रा हाय. रिकामंच बसाचं असतं त वावर काय वाईट होतं?" माझी मुलगी त्या कलकलाटात झोक्यात गाढ झोपली. घरी तिला झोपवताना मी पंखासुद्धा कमी करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळं पीठ मळलं, गोल रोडगे वळले, गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यांवर, भाजायला लावले. त्यांना देवीची ओटी भरायला जायचं होतं. मला म्हणाल्या, "पलटवत राह्य. कुत्र्यायवर ध्यान ठेव. दुसरं पीठ नाही बरं." मला बजावायची काय गरज, असं मनात म्हणत मी मान हलवली.

त्या गेल्या आणि माझा मुलगा पिपाणीवाल्यामागे पळाला. मुलीला कडेवर घेऊन मी त्याच्यामागे. कान धरूनच परत आणला. परत आले तर मैदानभर धुराच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेत तसलाच आर, तसलीच परात. मी आमच्या आरापाशी बसले. चांगली मन लावून बसले. एकेक रोडगा पलटवला, दोन कुत्री हाकलली, बोटांना चटके बसले तरी उठले नाही. मनात म्हटलं, आता बघा म्हणावं यवतमाळची बाई काय करते ती!

"अवं बाई, तू कुठं बसली?"

मागच्या रांगेतून जाऊबाई ओरडल्या. त्या आमच्या आरापाशी उभ्या होत्या. मी भलत्याच्याच.

आमचे रोडगे कोळसा झाले होते. बाईंनी एक फोडला, दुसरा फोडला, सगळे फोडले. आतपर्यंत काळे. त्या मटकन खाली बसल्या. त्यांच्या दोन्ही लेकरांना घेऊन देवळातून आलेले दीर दुसरीकडे बघत राहिले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. दोन वर्षं थांबून, बादलीनं पाणी घालून वाढवलेला गहू मी जाळला होता. मी हमसून रडायला लागले, तशी माझी पोरंही रडायला लागली.

तेवढ्यात मी राखलेल्या आराची मालकीण आली, एका तांड्यावरची म्हातारी, नातवंडांचं लटांबर घेऊन. आपले रोडगे खरपूस भाजलेले बघून ती हरखली. मग आमची तोंडं बघून तिनं विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर निम्मे रोडगे परातीत काढून बाईंपुढे ठेवले. "माह्या वावरातलाच गहू हाय. घे."

बाईंनी परात मागे सारली. "नवस माहा, गहू तुहा. देवी काय म्हणन?"

बाई परातीकडे बघत बसल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या, "पाहू हात." मी बोटं पुढे केली. दोन बोटांवर टरारून फोड आले होते. त्यांनी ते निरखून पाहिले आणि म्हाताऱ्या आजीला म्हणाल्या, "गहू तुहा, पण भाजले माह्या घरच्या बाईनं. पण तुही नातवंडं माह्या पंगतीत बसतीन, तरच घेईन."

मी त्यांच्या जागी असते तर असल्या जावेशी वर्षभर बोलले नसते. त्यांनी माझ्या चुकीतून माझाच वाटा शोधून काढला. त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पंगत बसली. आमची चार, आजीची पाच, शेजारच्या पालातली दोन. रोडगे कुस्करून त्यावर तूप-गूळ, बाजूला वांग्याची भाजी. भोंगे बोंबलत होते, पोरं त्यांच्याही वर बोंबलत होती. अकरावं ताट जाऊबाईंच्या धाकट्याचं. ते वाढून बाई माझ्याशेजारी टेकल्या.

"बाई, चुकलं माझं," मी म्हटलं.

"सोड वं," त्या म्हणाल्या. "तुले सांगू? दोन वर्सं हे पोरगं नुसतं खोकललं तरी माह्या पोटात गोळा ये. हातातलं काम टाकून उठू अन देवीले म्हणू, देतो वं माय, जरा थांब."

तेवढ्यात पंगतीत धुराचा लोट आला आणि धाकटा ठसकून खोकायला लागला. मी अर्धी उठले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"पाणी पे रे," एवढंच म्हणाल्या.