सदाकाकांचा नंबर

अण्णा आज सकाळी गेले.

हात जोडून सांगते, त्यांना 'तत्त्वाचा माणूस' म्हणू नका. सकाळपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर जो तो तेच लिहितोय. वाचवत नाही मला.

माझे वडील साखर कारखान्यात शेतकी ओव्हरसियर होते. राहात्याजवळच्या आमच्या गटात कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे त्यांच्या वहीवर ठरायचं.

नियम एकच. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी.

दर सोमवारी सकाळी अण्णा ती यादी गावच्या पारावर उभं राहून मोठ्याने वाचायचे. कारखान्याने तसं सांगितलेलं नव्हतं, ही त्यांची स्वतःची पद्धत. सगळ्यांच्या कानावर गेलं की मागून कुणाला वशिला लावता येत नाही, म्हणायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

पाटाचं पाणी बंद. विहिरींचा तळ दिसायला लागला. उभा ऊस डोळ्यांदेखत वाळत होता. तोडीला महिनाभर उशीर म्हणजे हातात उरणार ते सरपण.

चेअरमनचे मेहुणे जीप घेऊन आमच्या दारात आले.

"ओव्हरसियर, आमचा ऊस तेवढा या सोमवारी घ्या."

"तुमची लागण नंतरची हाय. लंबर आला की घेतो."

मेहुणे हसले. "बरं. आता घरचा ऊस कवा निघतो, तेबी गाव बघंलच की."

घरचा म्हणजे सदाकाकांचा. अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ. वाटण्या झालेल्या होत्या. अण्णांना कारखान्याचा पगार होता, काकांना फक्त तो ऊस.

आणि काकांचा नंबर त्याच सोमवारी लागत होता. अगदी नियमाने. लागणीची तारीख वहीत होती, शेजारी काकांची सही होती.

पुढचं मला आईने सांगितलं. त्या सोमवारी ती पारासमोरच्या आडावर पाण्याला गेली होती.

अण्णांनी यादीतलं पहिलंच नाव वाचलं, काकांचं. मागून कुणीतरी ओरडलं, "घरचा ऊस बरा लौकर पिकला!" सगळा पार हसला.

अण्णा थांबले. खिशातून पेन काढलं. काकांचं नाव खोडलं आणि यादीच्या तळाला लिहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. टाळ्या!

काका त्याच गर्दीत उभे होते.

"दादा, लंबर माझाच हाय न्हवं? वहीत बघ की."

"सदू, लोक काय म्हनतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तू चेअरमनचं ऐकलं न्हाई, लई बरं केलं. माझंबी ऐकू नगं. पन वहीचं तरी ऐक!"

अण्णांनी वही मिटली.

तोडणीची टोळी काकांच्या रानात पोचली तेव्हा मुकादमाने एक ऊस मोडून बघितला. आत रस नव्हता. एकही गाडी न भरता टोळी परत गेली.

काकांनी बैल विकले आणि काकूला घेऊन श्रीरामपूरला गेले. रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली धरली. पुन्हा गावात आले नाहीत.

आणि कारखान्याच्या सभेत अण्णांना शाल-श्रीफळ! खुद्द चेअरमन माइकवर बोलले, "सख्ख्या भावालाही सवलत न देणारा माणूस!"

कसली सवलत? नंबर होता त्यांचा!

ती शाल अण्णांनी कधी अंगावर घेतली नाही. टाकूनही दिली नाही. अजून ट्रंकेत आहे.

पुढे मी बँकेत लागले. एकदा कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं ट्रेनिंग होतं. स्क्रीनवर एक ओळ आली, घरच्या माणसाचं प्रकरण असेल तर निर्णय दुसऱ्याकडे सोपवा.

मी बाहेर जाऊन रडले.

एवढंच करायचं होतं. शेजारच्या गटाच्या ओव्हरसियरच्या हातात वही द्यायची. त्याने नाव वाचलं असतं आणि काका गावातच राहिले असते.

घरी येऊन अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा मी नियम नाही राखला गं. माझं नाव राखलं."

श्रीरामपूर एसटीने तासाभरावर. अण्णा एकदा गेले होते, मालधक्क्याच्या गेटपर्यंत. काकांना पाठीवर पोतं घेऊन जाताना बघितलं आणि तसेच माघारी आले. हे त्यांनी मला गेल्या वर्षी सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

गेला महिनाभर एकच धोशा. "सदूची तोड लावली का?"

मी म्हणायचे, "लावली, अण्णा."

"खोटं बोलू नको. वही दाखव."

कुठून आणू वही? मी काकांना फोन करत राहिले. दर वेळी त्यांचा मुलगा उचलायचा. "ताई, ते नाही म्हणतात." मी हातापाया पडले त्याच्या. चार दिवसांपूर्वी अण्णांचं बोलणंही थांबलं.

आज दुपारी काका आले.

ऐंशी ओलांडलीय, हातात काठी. अण्णांना पाणी पाजायला माणसांची रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "सख्खे भाऊ आहेत, त्यांना पुढे घ्या."

काका म्हणाले, "नगं. दादानं मला शेवटी लिवलंय. मी शेवटीच येनार."

आणि खरंच, त्या उन्हात ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. कुणाचं ऐकलं नाही. मी खुर्ची नेली, बसले नाहीत.

त्यांची पाळी आली तेव्हा मागे कुणीच उरलं नव्हतं. अण्णांच्या ओठांवर पाणी सोडलं, गालावरून हात फिरवला.

"दादा, आलो बघ. लई उशीर केला आपन."

मग जे रडले, ते मला लिहिता येणार नाही.

अण्णा, काका येऊन गेले. या वेळी खोटं बोलत नाहीये.

जा आता.