जाळीच्या खोलीतली खंडेनवमी

मला बाहेर काढलं ते गेटवरच्या वॉचमनमामांनी. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी अजून धांदल उडते आणि मामांचं राहूनच जातं. मामा तेलुगू घरातले. अर्धं आयुष्य मागावर चादरी विणल्या, नजर अधू झाली तसे गेटवर येऊन बसले. मला ते अम्मा म्हणायचे.

भवानी पेठेत एक लहानशी इंटरनेट कंपनी आहे, तिथं मी साफसफाई आणि चहापाणी बघते. माझं गाव माळशिरसच्या पलीकडं, मेंढरांचं. सातवीनंतर शाळा सुटली. सोलापूरला निघाले तेव्हा भाऊ म्हणाला होता, महिन्याभरात परत येशील बघ. नोकरी गेली तर त्याचं म्हणणं खरं होणार, ही धास्ती मी रोज उशाला घेऊन झोपायचे.

ऑफिसच्या मागच्या अंगाला जाळीची एक खोली आहे, काचेच्या दाराची. तिच्यात कपाटात एक यंत्र. साहेबांनी एकदा फावल्या वेळात मला समजावलं होतं. मोबाईलवर कुणी कुठलं नाव टाकलं, की ते नाव कुठं राहतं हे आधी शोधावं लागतं. त्या शोधातला अगदी पहिला प्रश्न जगात जिथं जिथं विचारतात, त्यातलं हे एक ठिकाण. यंत्र आमचं नव्हे. जागा, वीज आणि गारवा तेवढा आमचा. चालवणारे परदेशात, आणि त्यांच्याही एकट्याच्या हातात काही नाही. नावांच्या मूळ यादीवर शिक्का उठवायची किल्लीसुद्धा म्हणे साक्षीदार बसवूनच बाहेर काढतात. म्हणून आमच्याकडंही दोघांशिवाय दार उघडत नाही. एकाचं कार्ड, दुसऱ्याचा अंगठा, आणि रजिस्टरात दोघांच्या सह्या.

मला हे लगेच पटलं. गावात देवीच्या दागिन्यांची पेटी अशीच आहे. एक किल्ली गुरवाकडं, एक पाटलाकडं. त्या दोघांचं आपसात पटत नाही, म्हणून दागिने शाबूत.

खंडेनवमीला ऑफिसात सगळ्या यंत्रांची पूजा झाली. कॉम्प्युटर, जनरेटर, साहेबांची गाडी. माझ्या झाडूलासुद्धा कुंकू लागलं. जाळीची खोली तेवढी वगळली. तिथं पाणी, कुंकू, धूर काही न्यायचं नाही असा नियम. मामांना ते लागलं. मागाला हार घातल्याशिवाय त्यांची नवमी कधी गेली नव्हती. ज्याच्या जिवावर सगळं चाललंय त्यालाच फूल न्हाय व्हय, असं पुटपुटत त्यांनी झेंडूचं एक फूल माझ्या हातात ठेवलं.

साहेब आणि दाराला ज्याचा अंगठा लागतो तो त्यांचा जोडीदार तपासणी उरकून बाहेर येत होते. दोघांच्याही हातात खोकी, म्हणून मी दार धरलं. ते पुढं गेले आणि मी आत शिरले. फूल कपाटावर ठेवून वळले, तोवर दार लागलं होतं.

बाहेर पडायलाही तेच दोघं लागतात. माझा मोबाईल नियमाप्रमाणं बाहेरच्या ट्रेमध्ये. पूजेनंतर ऑफिस सुटलेलं, साहेब घरच्या पूजेला गेलेले, जोडीदार मोटारसायकलवर अक्कलकोटच्या वाटेला.

दाराशेजारी लाल बटण होतं. आग लागली तर दाबायचं, दार उघडतं, पण त्याच क्षणी परदेशात कळतं, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलेलं. माझ्या डोक्यात त्याचं भलतंच झालं. बटण दाबलं की यंत्र बंद, जगातल्या लोकांना एक नाव सापडायचं नाही, आणि हे कुणी केलं तर झाडूवाल्या बाईनं.

बऱ्याच वेळानं मला शोधत आलेल्या मामांनी काचेतून बघितलं आणि साहेबांना फोन लावून, स्पीकर मोठा करून तो दाराच्या फटीशी धरला. साहेब हळू आवाजात बोलले. बटणाला हात लावू नका, जोडीदाराचा फोन लागला की त्याला माघारी बोलावतो, संध्याकाळपर्यंत उघडू, रजिस्टरात काही लिहायचं नाही. दार लागल्याची खात्री न करता ते गेले होते, त्यामुळं त्यांचाही पाय त्यात अडकलेला.

मी थांबले. वरून गार हवा, पंख्यांची घरघर. पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटला तरी दात वाजायचे थांबेनात. भरीला लघवीला लागली होती, आणि ते मामांना काचेतून ओरडून कसं सांगणार. ते स्टूल ओढून दारापाशीच बसले होते. जेवायलासुद्धा उठले नाहीत.

दोन तास झाले असतील. मामा उठले.

"अम्मा, दाब ते बटण."

मी नको म्हणून मान हलवली. माझी नोकरी जाईल, मी म्हणाले.

"गेली तर माझी बी जाऊ दे की. फूल कुणी दिलं?"

मग त्यांनी रजिस्टर उघडलं, डोळे अगदी कागदाला टेकवून काहीतरी लिहिलं आणि पान काचेला लावलं. वाकडी, मोठाली अक्षरं. फूल मी दिलं. बाई एकटी आत गेली. दार उघडं होतं. खाली त्यांची सही आणि तिच्याखाली एक मोकळी ओळ.

"दुसरी सही तुजी. भाईर येऊन कर."

मी बटण दाबलं. भोंगा वाजला, दार सुटलं. मी आधी मागं वळून बघितलं. यंत्राचे दिवे आपले लुकलुकत होते. मग संडासाकडं पळाले, आणि आल्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी परदेशातून मेल आला. कोण, कधी, कशाला हात लागला. सगळी उत्तरं मामांनी लिहून ठेवलेली. साहेबांना रंगवायला जागाच उरली नव्हती. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग सांगितलं, की ते यंत्र बंद पडलं असतं तरी दुसरीकडच्या यंत्रांनी उत्तर दिलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणजे मी दोन तास उगाच गारठले. फूल काढायलाही दोघं आत गेले आणि 'झेंडूचं फूल एक' अशी नोंद झाली.

मला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. मामांना मात्र ठेकेदारानं गावाबाहेरच्या एका गोदामावर पाठवलं. ते तक्रार न करता गेले.

रविवारी मी त्यांना भेटायला जाते. मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशनच्या कागदावर सोबतच्या माणसाची सही मागतात, आणि मामांना मागंपुढं कुणी नाही, म्हणून ते दर वेळी 'बघू की' म्हणून टाळतात. मी त्यांना सांगून ठेवलंय, तुम्ही नुसतं व्हय म्हणा. त्या दिवशी मी रजा टाकून येईन, दवाखान्यात दाराबाहेर स्टुलावर बसेन, आणि तुमची पट्टी सुटेपर्यंत उठणार नाही. त्या कागदावर तुमच्या खालची सही माझी असेल.